पगारी खोकला

गावात खोकल्याचे दोन प्रकार होते. साधा खोकला आणि पगारी खोकला. साधा कोणालाही व्हायचा आणि गरम पाण्याने जायचा. पगारी खोकला मात्र दगडाची भुकटी करणाऱ्या कारखान्यात नोकरी असल्याशिवाय होत नसे. सोयरीक जुळवायला आलेली माणसं मुलगा खोकला की समाधानाने मान डोलवायची, मुलगा कमावता आहे म्हणून. हे नाव कारखान्याच्या मुकादमानेच गमतीत ठेवलं होतं आणि त्याचा त्याला जरा अभिमानही होता.

त्या संध्याकाळी मुकादम नेहमीसारखा थकून घरी आला. बायकोने त्याचे कामाचे कपडे उचलले, अंगणात नेऊन खसाखसा झटकले आणि ती खोकत खोकत उंबऱ्यावर बसली. बराच वेळ उठेना.

"काय गं, तुलाही पगार सुरू झाला की काय?" मुकादम म्हणाला.

ती हसली नाही. "बरेच महिने झाले. तुम्ही दमून येता, म्हणून बोलले नाही."

दुसऱ्या दिवशी तो तिला गावातल्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथून शहरात पाठवून छातीचा फोटो काढून आणला. डॉक्टरांनी तो पाहिला आणि समजावून सांगायचं काम नेहमीप्रमाणे नर्सबाईंवर आलं.

"फुप्फुसात भुकटी बसली आहे," नर्सबाई म्हणाल्या.

"पण ती कारखान्याची पायरीसुद्धा चढलेली नाही!"

"तुमचे कपडे कोण धुतं?"

"मीच," बायको म्हणाली. "आधी कोरडेच झटकते. भिजवले की भुकटीचा चिखल होतो, मग जाता जात नाही."

मुकादमाची मान खाली गेली. हेच शब्द तो कारखान्यात रोज बोलत असे. तिथे यंत्रांवर पाण्याचे फवारे होते, पण पाणी सोडलं की भुकटीचा चिखल व्हायचा, भुकटी चाळायच्या जाळ्या तुंबायच्या, काम मंदावायचं. म्हणून फवाऱ्यांचा नळ त्यानेच बंद करून ठेवला होता. तपासणी असली की तेवढ्यापुरता उघडायचा.

"तुम्हाला वाटतं मी कारखान्याच्या वाईटावर आहे," नर्सबाई दमल्या आवाजात म्हणाल्या. "मी इथं आले तेव्हा रस्ता नव्हता. अडलेल्या बाईला खाटेवर घालून न्यायचे आणि निम्म्या वाटेवरून परत आणायचे. कारखाना आला, रस्ता झाला, त्या बाया वाचल्या. घरात दोन वेळचं शिजायला लागलं, तशी पोरं बाळसं धरायला लागली. हे मी नाकारत नाही. पण मुकादम, कमावलेलं खायला छाती धड नको का? भर उमेदीतला माणूस घरी बसला की घर पुन्हा होतं तिथंच. पोराची शाळा सुटते आणि तोच पोरगा तुमच्या दारात कामाला उभा राहतो. कारखान्यानं हा दवाखाना बांधून दिला आणि पेशंटही तोच पुरवतोय. मला आता सांगून सांगून कंटाळा आलाय."

"ही बरी होईल ना?"

"बसलेली भुकटी निघत नाही. नवी जायची थांबवलीत, तर आहे ते सांभाळता येईल."

मुकादम रात्रभर तिच्या श्वासाची घरघर ऐकत पडून राहिला. सकाळी कारखान्यात गेला आणि आधी फवाऱ्यांच्या नळाशी उभा राहिला. नळ गंजला होता. दोन्ही हातांनी जोर लावावा लागला.

"आज तपासणी आहे का?" एका कामगाराने विचारलं. मोठ्या आवाजामुळे सगळे त्याला भोंगा म्हणत.

"नाही. आणि आजपासून कामाचे कपडे इथंच भिजवायचे, इथंच धुवायचे. घरी न्यायचे नाहीत."

"जाळ्या तुंबतील. साहेब आपल्या पोटावर पाय आणतील."

"जाळ्या मधूनमधून धुवू. काम कमी निघेल. साहेबांशी मी बोलतो."

भोंगा हसला. "पगारी खोकल्याला घाबरलात? नाव तर तुम्हीच ठेवलंत."

"घाबरलो. माझ्या बायकोला तो बिनपगारी झालाय."

भोंगा काही बोलणार होता, पण घरी त्याची आईच त्याचे कपडे झटकत असे. तो मुकाट्याने जाळी धुवायला गेला.

दुपारी साहेबांनी मुकादमाला फैलावर घेतलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझी मुकादमकी काढून घ्या. पण नळ बंद करायला दुसरा माणूस शोधा."

साहेबांनी माणूस शोधला. भोंग्याला विचारलं, मग इतरांना. त्या पाळीत एकही सापडला नाही. नळ चालूच राहिला.

संध्याकाळी मुकादम घरी आला तेव्हा बायकोने सवयीने कपड्यांसाठी हात पुढे केला. "तिथंच धुतले," तो म्हणाला. रिकाम्या हाताचं काय करावं ते तिला कळेना. मग तिला खोकल्याची उबळ आली आणि ती ओसरेपर्यंत तो तिच्या पाठीवरून हात फिरवत बसला. तो नळ आपण आधीच उघडला असता तर, असं त्याला फार वाटलं.

मित्रहो, आपल्या गावात प्रगती आली की रस्ता, दिवे, पक्की घरं जरूर पाहा. पण त्या घरात शिरून आतल्या बाईला श्वास पुरतो का, तेही विचारा. पुरत नसेल, तर आपण आपल्याच माणसांचा जीव हप्त्याहप्त्याने विकत आहोत आणि त्याला पगार म्हणत आहोत.