एकदांडीच्या पाकिटावर

आमच्या धाकट्या चिरंजीवांनी मला न विचारता माझं तोंड बाजारात मांडलंय. एकदांडीची पूड करून विकतो आणि पाकिटावर माझा फोटो. खाली छापलंय, 'आईचा पिढीजात उपाय, साखरेवर रामबाण.'

एकदांडी भिंतीच्या कडेला, फरशीच्या फटीत उगवते. लांब दांडा, टोकाला पिवळं फूल, भोवती चार-पाच पांढऱ्या पाकळ्या. माझ्या सासूबाई तिचा पाला चुरगाळून रस कापलेल्या बोटावर पिळायच्या. तोडताना ज्याला लागलंय त्याचं नाव रोपाच्या कानात सांगायचं, नाहीतर ते रुसतं म्हणे. रोपाला कान कुठे असतो ते शोधण्यात पोरं रडणं विसरायची. बस, एवढाच उपाय. साखरेचं नाव सासूबाईंनी जन्मात काढलं नव्हतं.

पाकीट मी पहिल्यांदा पाहिलं ते आज, माझ्या धाकट्या जाऊबाईंच्या शिलाई मशीनवर. मशीन बंद. त्या पाय स्टुलावर ठेवून बसलेल्या, पायाला फडकं आणि खोलीत वास. मी फडकं सोडलं. अंगठा काळा पडला होता.

त्यांना साखरेचा जुना आजार. डॉक्टरांच्या गोळ्या कधी सोडल्या विचारलं, तर म्हणाल्या, पूड सुरू केली तेव्हाच.

"तुमचा फोटो होता ताई. तुम्ही कशाला खोटं सांगाल?"

माझ्या कानशिलात मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

मुलाला तिथेच बोलावून घेतलं. आला इस्त्रीच्या शर्टात. झाडपाल्यानं कुणाचं वाईट होत नाही म्हणाला. वर मलाच समजावलं, हळू बोल, शेजारीपाजारी सगळी माझी गिऱ्हाइकं आहेत, ऐकतील. काकूच्या पायाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. मग मी त्याचं मनगट धरून त्याला स्टुलापाशी बसवला आणि फडकं पुन्हा बाजूला केलं. आता मात्र साहेबांनी इस्त्रीच्या बाहीनं नाक दाबलं.

जाऊबाई म्हणाल्या, जाऊ द्या, पोर आहे. चाळिशीला टेकलेलं पोर.

मी म्हणाले, "काकूला उचल आणि गाडीत बसव. गोळ्या कुणाच्या थापेनं सुटल्या, ते डॉक्टरांना तू स्वतःच्या तोंडानं सांगायचं. मग ज्या ज्या घरात पाकीट गेलंय तिथे जाऊन सांगायचं, आई असं कधीच म्हणाली नव्हती, मी खोटं बोललो. पाय वाचला तर काकू तुला माफ करेल, तिचा स्वभावच तसा आहे. माझा नाही."