अधांतरी योगी

गोदामापुढे सकाळपासून झुंबड उडाली होती. आत काळ्या पडद्यासमोर, जमिनीपासून दोन हात उंच, योगी हवेत मांडी घालून बसला होता आणि खाली धुराचे लोट उठत होते. दोन महिन्यांपूर्वी हाच योगी कोपऱ्यावरच्या दुकानात लोकांच्या दाढ्या करायचा. मग भुताखेतांच्या एका स्वस्तातल्या मारधाडपटात त्याला भुतांशी तलवारीने लढणाऱ्या योग्याचं काम मिळालं. याच गोदामात चित्रीकरण बघायला आलेल्यांनी त्याला हवेत लढताना पाहिलं आणि हात जोडले. फुकटात जाहिरात होतेय, हे दिग्दर्शकाने लगेच ओळखलं. चित्रीकरण संपलं, पण योगी काही खाली उतरला नाही.

त्याची झगमगीत कफनी शिवणाऱ्या शिंपिणीला हे बघून हसू आवरत नसे. आज मात्र रांगेत सर्वांत पुढे तिला तिची आई दिसली.

"माते, तुमच्या रक्तात आसुरी लहर अडकलीय," योगी घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मी ती वर खेचतो. गोळ्या तिला खाली दाबतात."

पहिली दोन वाक्यं चित्रपटातली होती. तिसरं त्याने पदरचं घातलं होतं.

"आई, शुगरची गोळी घेतलीस ना?"

"तीन दिवस झाले सोडून. हवेत बसलेला माणूस खोटं कशाला बोलेल?"

"आणि काल जिन्यात चक्कर आली ती?"

"ती लहर निघत होती."

आईशी वाद घालून आजवर कुणी जिंकलं नव्हतं. ती तडक पडद्यामागे गेली. तिथे पडद्यातून मागे आलेल्या लांब फळीच्या टोकावर पिठाच्या दोन पोत्यांना टेकून चित्रपटाचा आचारी पेंगत होता.

"चहा आलाय," ती त्याच्या कानात म्हणाली.

आचारी उठला आणि पडद्यापुढचा योगी सावकाश जमिनीला टेकला.

"मी धरणीला भेटायला आलोय," योगी गडबडीने म्हणाला.

"भेटा निवांत," असं म्हणत शिंपिणीने त्याला बाजूला सारलं, आईला त्याच्या जागी बसवलं आणि आचाऱ्याला परत फळीवर बसायला हाक मारली. आई वर गेली. गर्दीने श्वास रोखला.

"अगं, मी उडतेय."

"मग माझी कंबर बरी कर," शिंपीण म्हणाली.

आईने क्षणभर विचार केला. "तुझी कंबर? मला माझे गुडघे बरे करता येत नाहीत."

गर्दीत खसखस पिकली. शिंपिणीने पडदा ओढून खाली पाडला. काळी रंगवलेली फळी, तिच्या मधोमध टेकूला लाकडी घोडा, पलीकडे दोन पोती आणि ओशाळलेला आचारी, सगळं उघड्यावर आलं. पडद्याची चीर आणि कफनीची मागची फट आपणच शिवली, हेही तिने सांगून टाकलं.

आई अजून वरच होती.

"ऐका," ती गर्दीला म्हणाली. "कुणी हवेत बसलेला दिसला, तर आधी मागे जाऊन बघा. आणि औषध सोडायचं की नाही, ते डॉक्टरला विचारा. मी विचारलं नाही, मूर्खपणा केला. आता मला उतरवा, घरी जाऊन गोळी घ्यायचीय."

शिंपिणीने तिचा हात धरला आणि घरी पोचेपर्यंत सोडला नाही.