प्लॅस्टिकखालचे थेंब

बाबा उद्या दुपारी येणार होते आणि त्यांची खोली अजून गॅरेजच होती. दादानं निक्षून सांगितलं होतं, "दोन वर्षं मी सांभाळलं, आता तुझी पाळी." आमच्या झोपायच्या खोल्या वर आणि बाबांना जिना चढवत नाही, म्हणून गाडी बाहेर काढून तिथं खोली करायचं मीच ठरवलं. भिंतींचं वॉटरप्रूफिंग झालं, खिडकी बसली, दारही आलं. अडलं ते जमिनीपाशी.

मिस्त्रीनं काल कोब्यावर हातभर प्लॅस्टिक अंथरून चारी कडा चिकटपट्टीनं बंद केल्या होत्या. "उद्या खालून कोरडं निघालं तर लादी टाकू. थेंब दिसले, तर ओल जमिनीतून चढतेय. मग कोबा फोडायचा, खाली जाड प्लॅस्टिक घालायचं. तीन आठवडे धरा."

तीन आठवडे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सकाळपासून चार वेळा जाऊन वाकून पाहिलं, आणि चारही वेळा थेंब होतेच.

"तोवर हॉलमध्ये पलंग टाकू की," बायको म्हणाली.

"आणि मी कुठं बसू? तुझ्या डोक्यावर?" मी खेकसलो. ती आत निघून गेली.

मग मी नको ते केलं. पट्टी सोडवली, फडक्यानं प्लॅस्टिक आणि कोबा पुसला, त्यावर बायकोचा केस वाळवायचा ड्रायर फिरवला आणि नवी पट्टी लावून साळसूदासारखा उभा राहिलो.

मिस्त्री आला, उकिडवा बसला. पट्टीवरून त्यानं अंगठा फिरवला.

"माझी पट्टी खाकी होती. रात्रीत गोरी झाली म्हणायची."

मी घसा खाकरला.

"इथं झोपणार कोण, साहेब?"

"वडील."

"छातीचं काही?"

"खोकला आहे. जुना."

तो उठला. "मग लादी दुसऱ्या कुणाकडून बसवून घ्या." आवाजात राग नव्हता, त्यामुळं मला जास्तच लाज वाटली.

मी बाबांना फोन लावला. "खोली झाली नाही, बाबा. ओल आहे."

"बरं, बरं. मग राहतो इथंच. दादाला मी समजावतो." बोलता बोलता त्यांना ठसका लागला.

"नको. उद्याच या. हॉलमध्ये पलंग टाकतो."

"अरे, रात्रभर खोकतो मी. तुम्हाला झोप नाही लागायची."

"माहीत आहे, बाबा," मी म्हणालो. म्हणूनच तर तुम्हाला गॅरेजमध्ये टाकत होतो, हे काही तोंडातून निघालं नाही.