चिमणीची शेगडी

मी एक शेगडी बोलतेय. शेगडी म्हटल्यावर हातात उचलता येईल असं काही तुमच्या डोळ्यांपुढे आलं असेल, तर ते आधी बाजूला ठेवा. मी चांगली ऐसपैस आहे. आडवं झोपवलेलं पिंप, त्याला चार पाय, पोटात निखारे, त्यावर जाळी आणि जाळीवर झाकण. झाकण उचलायला दोन हात लागतात. कोंबडी, मासे, कणसं, बटाटे, जे ठेवाल ते मी भाजून देते. म्हणजे, देत होते.

मला घडवलं एका वेल्डरने. त्याआधी मी एका कारखान्यामागे पडलेलं तेलाचं पिंप होते, पण त्या दिवसांचं मला फारसं आठवत नाही. पोट उघडलं गेलं तेव्हाच मला जग दिसलं. वेल्डरने मला घासूनपुसून धुतलं, कापलं, बिजागऱ्या लावल्या, आणि मग जुन्या तेलाचा वासही उरू नये म्हणून माझ्या आत भलामोठा जाळ केला. काम करताना तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आमच्या चिमणीचं हॉटेल निघतंय."

मला वाटलं, चिमणीचं हॉटेल म्हणजे दाणापाण्याचं काहीतरी असणार. त्यासाठी एवढं पिंप कशाला? मग कळलं, चिमणी ही त्याची मुलगी. लहानपणी सारखी चिवचिव करायची म्हणून नाव पडलं, ते लग्न होऊन मूल झालं तरी सुटलं नाही. पुढे माझा धूर बाहेर काढणारं धुराडंही आलं. त्यालाही सगळे चिमणीच म्हणत. त्यामुळे त्या घरात कायम घोटाळा. "चिमणी साफ केली का?" असं कोणी विचारलं की ती आतून ओरडायची, "मी रोज आंघोळ करते हो!"

त्यांच्या हॉटेलची जागा म्हणजे एका शिंप्याने सोडलेलं दुकान; राहायचं घर दोन गल्ल्या पलीकडे. पुढे लांबट खोली, मागे छोटं परस. परसात माझी जागा. चिमणीचा नवरा आधी बस चालवायचा. इतका उंच की सगळे त्याला लंबू म्हणत. मागच्या दारातून येताना रोज त्याचं कपाळ चौकटीवर आपटायचं आणि रोज त्याला नवल वाटायचं. नोकरी सोडून तो या धंद्यात उतरला, तेव्हा त्याची बहीणही मदतीला आली. तिचा आवाज असा खणखणीत, की तिने पुढे ऑर्डर घेतली की मला मागे झाकणात ऐकू यायची. आणि चौथी त्यांची मुलगी, छोटी. शाळेतून आली की ती माझ्यापासून चार हात लांब, आखून दिलेल्या खडूच्या रेषेपलीकडे बसून खेळायची.

ज्या दिवशी मला बसवलं, त्या दिवशी वेल्डर जाताना मुलीला म्हणाला, "हे बघ पोरी, चिमणी छपराच्या वर गेलेली आहे, तशीच राहू दे. खाली आणू नकोस."

"नाही आणत, बाबा. किती वेळा सांगाल?"

भाजायचं काम चिमणीचंच. लंबू कोळसा आणायचा, मांस कापायचा, हिशेब बघायचा. पण जाळीसमोर उभं राहावं ते तिनेच. तळहात जाळीच्या वर धरून ती माझा ताप ओळखायची. माझ्याशी बोलायची, तेही मैत्रिणीशी बोलावं तसं. "काय गं, तापलीस का? आज रुसू नकोस हं, गर्दी आहे." एकदा मी एका बाजूला थंड पडले होते, तर म्हणाली, "तुझं आणि माझ्या नणंदेचं सारखंच. सकाळी दोघींना जाग यायला वेळ लागतो." पुढच्या खोलीतून लगेच आवाज आला, "ऐकू येतंय वहिनी!"

लोक यायला लागले. वासाने यायचे, चवीने पुन्हा यायचे. दोन ताटं मागवून तिसरं मागवताना माणूस जरा ओशाळतो आणि उगाच सांगतो, की सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. रोज हे ऐकायचे मी. मला फार बरं वाटायचं. एका पिंपाला आणखी काय हवं?

मग वरच्या मजल्यावरचे भाडेकरू आले. ते काही भांडखोर नव्हते. नुकतं बाळ झालं होतं त्यांच्याकडे. माझं धुराडं नेमकं त्यांच्या खिडकीशेजारून वर जात होतं. वाळत घातलेल्या दुपट्यांना वास यायचा, खिडकी उघडायची सोय राहिली नव्हती. हात जोडून म्हणाले, "तुमच्या पोटावर पाय द्यायचा नाही आम्हाला. पण काहीतरी करा."

लंबू म्हणाला, "बाबांना विचारू या."

चिमणी म्हणाली, "ते गावाला गेलेत. महिनाभर यायचे नाहीत. आणि आले तरी ऐकणार आहेत का? त्या बाळाचं बघ ना. तात्पुरतं करू काहीतरी."

बाजारातला एक फिटर आणला. त्याने धुराडं खाली कापलं, कोपरासारखा वाकडा पाइप लावून परसाच्या भिंतीकडे वळवलं आणि वर धूर जाऊ नये म्हणून परसावर पत्रा टाकला. वरच्या बाळाची खिडकी उघडली. सगळ्यांना हायसं वाटलं. एकटी मी तेवढी गुदमरले. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की धूर उठणारच. तो भिंतीला धडकून परत यायचा आणि पत्र्याखाली घोटाळत राहायचा. आणि त्या पत्र्याखाली, माझ्यासमोर, ती उभी.

तात्पुरतं म्हणून केलेली गोष्ट माणसं किती लवकर विसरतात! पंधरा दिवसांत त्या पत्र्याला चमचे टांगायला आकडेसुद्धा लागले.

तिचा खोकला आधी मी ऐकला. साधाच होता, घशात काही अडकल्यासारखा. मग तो खाली उतरला, छातीत. कोणी जवळ असलं की ती दाबून ठेवायची. एकटी असली की भिंतीकडे तोंड करायची, कोपरात तोंड खुपसायची आणि खोकून झालं की एक हात भिंतीला टेकून उभी राहायची. मग पदराने डोळे पुसून पुन्हा माझ्याकडे. "काही नाही गं. चल, कणसं उलटू या."

मला काय करता येणार होतं? मी धूर कमी करू शकत नव्हते. कोळसा ओला असला तर मी तो नाकारू शकत नव्हते. आतल्या आत विझून जावं असं कितीदा वाटलं, पण विझायचंही माझ्या हातात नाही. ती मला पेटवायची आणि मी पेटायचे.

घरात कोणालाच कळलं नाही. पुढे पंख्याचा आवाज, गिऱ्हाइकांचा गलका, नणंदेचा आवाज. कळलं ते छोटीमुळे.

सुट्टीचा दिवस होता. छोटी रेषेपलीकडे बाहुलीला घेऊन हॉटेल हॉटेल खेळत होती. चार विटा मांडून वर झाडूच्या काड्यांची जाळी केली होती. लंबू कोळशाचं पोतं टेकवून तिथेच दम खात होता. छोटीने काड्या उलटल्या, मीठ भुरभुरवलं, आणि मग एकदम भिंतीकडे तोंड करून कोपरात खोकायला लागली. खूप वेळ. हात भिंतीला टेकवला. डोळे पुसले.

"काय झालं गं? पाणी देऊ?" लंबू घाबरून उठला.

"मला नाही काही. मी आई झालेय."

"म्हणजे?"

"आई असंच करते. मग म्हणते, बाबांना सांगायचं नाही हं." आणि तिने जीभ चावली.

लंबू तिथेच विटांशेजारी बसला. त्याने माझ्याकडे पाहिलं, वर पत्र्याकडे पाहिलं. तेवढ्यात चिमणी मसाल्यात मुरवलेल्या मांसाचं पातेलं घेऊन आली. त्याने तिच्या हातातून पातेलं घेतलं आणि म्हणाला, "चप्पल घाल. डॉक्टरकडे जायचंय."

"आत्ता? दुपारची गर्दी व्हायची वेळ झालीय रे!"

"चप्पल घाल म्हटलं ना."

डॉक्टर काय म्हणाले ते संध्याकाळी ती नणंदेला सांगत असताना मी ऐकलं. फुप्फुसं सुजलीत. धुरापुढे उभं राहायचं नाही. "मी विचारलं, आठवड्यातून दोन दिवस चालेल का?" चिमणी हसत सांगत होती, "तर म्हणतात, बाई, धूर काय वार बघून आत जातो का?" तिच्या हसण्याला कोणीच साथ दिली नाही.

पत्रा काढून धुराडं पुन्हा वर न्यायचं ठरलं. पण घरमालक म्हणाला, धुराडं वर न्यायचं असेल तर जागा सोडा, वरच्या भाडेकरूंची पुन्हा तक्रार नको. वेल्डर गावाहून आला. मुलीचा खोकला ऐकला आणि माझ्यापाशी येऊन कापलेल्या धुराड्यावरून नुसता हात फिरवत राहिला.  

मग लंबू माझ्यासमोर उभा राहू लागला. बिचाऱ्याची नजर रस्त्याची. जाळीवर ती ठरेना. बाहेरून काळं, आतून कच्चं. चिमणी पुढच्या खोलीत गल्ल्यावर बसायची आणि चर्रर्र आवाजावरून ओरडायची, "उलट! अरे, उलट आता!" तो उलटायचा, तोवर उशीर झालेला असायचा. ताटं अर्धी परत यायला लागली. गिऱ्हाइकं वाईट बोलायची नाहीत. ती फक्त यायची थांबली.

एक दुपार मला विसरता येत नाही. एका कंपनीतली माणसं जेवायला आली होती. पुन्हा सूर लागेल अशी सगळ्यांना आशा होती. लंबूने घाईत माझ्यात कोळसा जास्त भरला. जाळ जाळीच्या वर आला. तो मासे वाचवायला गेला, तर ते जाळीला चिकटले. "अरे देवा, अरे देवा," एवढंच तो म्हणत होता.

ती धावत आली. "बाजूला हो. मी बघते."

"तू आत जा!"

"पाच मिनिटं रे. पाच मिनिटांनी काय होतंय?"

तिने झाकण लावून जाळ दाबला, मग ते पुन्हा उघडलं. निखारे बाजूला ओढले. मासे एकेक करून अलगद सोडवले. अगदी पूर्वीसारखी, तितक्याच हलक्या हाताने. "बघितलंस ना," ती मला म्हणाली, "तू माझंच ऐकतेस." आणि खोकला आला. तो थांबेना. श्वास आत जाण्याऐवजी शिट्टीसारखा वाजायला लागला. भिंत लांब होती. तिचा तोल गेला, आणि आधारासाठी तिने मलाच धरलं.

माझं झाकण लालभडक तापलेलं होतं.

ती ओरडलीसुद्धा नाही. ओरडायला श्वासच नव्हता. लंबूने तिला उचललं. त्या दिवशी चौकटीवर कपाळ आपटलं तेही त्याला कळलं नाही. नणंद रस्त्यात उभी राहून गाड्या अडवत होती. छोटी रेषेपलीकडे उभी होती. मी तिला सांगू शकले नाही, की मी मुद्दाम नाही गं केलं.

त्यानंतर मला कोणी पेटवलं नाही. ती वाचली, एवढं मला नणंदेच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं. हात भरत होता. जिना चढताना मध्ये थांबावं लागत होतं. लंबू पुन्हा बसवर जाऊ लागला. दुकानातली टेबलं गेली, खुर्च्या गेल्या. माझ्या पोटात पानं साचली, गंज धरला.

एका सकाळी भंगारवाला हातगाडी घेऊन आला. लंबूने आणि त्याने मिळून मला वर चढवलं. भंगारवाला म्हणाला, "माल मजबूत आहे. कोणाच्या हातचा?" लंबू उत्तर द्यायला थांबलाच नाही. दुकानाला कुलूप लावलं आणि ड्यूटीवर निघून गेला. घरी त्याने काही सांगितलं नसावं.

हातगाडी गल्लीबोळांतून उताराला लागली. एका इमारतीवरून हाक आली, "अहो! अहो, थांबा जरा!"

आवाज मी लगेच ओळखला. वरच्या मजल्याच्या खिडकीत ती उभी होती. हाताला अजून पट्टी होती. मग खिडकी रिकामी झाली. ती जिना उतरत असणार. मी मनात म्हणत होते, धावू नकोस, सावकाश ये, मध्ये थांब. आणि त्याच वेळी म्हणत होते, लवकर ये गं.

भंगारवाल्याने मान वळवून वर पाहिलं. कोणी दिसलं नाही. दुसऱ्या कोणाला तरी हाक मारली असेल असं त्याला वाटलं. उतारावर भरलेली गाडी थांबवणंही सोपं नसतं. आम्ही कोपऱ्यावरून वळलो. मागे फाटक वाजलं, आणि खोकला ऐकू आला. नंतर गाडीच्या चाकांचा आवाज तेवढा राहिला.

आता मी भंगाराच्या आवारात आहे. माझ्या एका अंगाला तुटका पलंग, दुसऱ्या अंगाला पाण्याच्या टाक्या. पुढे माझं काय करतील ते मला ठाऊक नाही आणि विचारणारी मी कोण? ती माझ्याशी रागाने बोलायला येत होती की निरोप द्यायला, तेही मला कधी कळणार नाही. मला फक्त एकच सांगायचं होतं, म्हणून हे एवढं बोलले.

तुमच्यापैकी कोणी त्या उताराच्या गल्लीतून गेलात, आणि हाताला भाजल्याचा डाग असलेली, जिन्यात थांबून श्वास घेणारी एक बाई दिसली, तर तिला तेवढं सांगा. म्हणावं, शेगडीला तुझी हाक ऐकू आली होती. तिला थांबायचं होतं. गाडी दुसऱ्याची होती.