जैसे थे म्हैस

केळझरच्या रस्त्याकडेला कडुनिंबाखाली जी चिंचोळी जागा आहे, ती सरकारची. त्यावर कोणाचंच दुमत नव्हतं. सरकारातल्या कोणत्या खात्याची, यावरून मात्र रस्त्याचं खातं आणि कालव्याचं खातं वर्ध्याच्या कोर्टात कैक वर्षं भांडत होती.

शकुंतलाबाईंना या भांडणाशी घेणंदेणं नव्हतं. त्यांची गाभण म्हैस दुपारची त्या निंबाखाली बांधलेली असायची, एवढाच संबंध.

१९९८ साली कोर्टानं जागेच्या पाहणीला एक वकील पाठवले. त्यांनी दिसलं ते लिहिलं: एक कडुनिंब, गिट्टीचा ढीग, काळी म्हैस, रवंथ चालू. त्यावर कोर्टाचा हुकूम निघाला की निकालापर्यंत जागेवर सगळं जैसे थे ठेवा. हुकूम गावात पोचला तेव्हा दुपार होती, म्हणजे म्हैस जागेवरच होती.

संध्याकाळी बाई तिला सोडायला गेल्या, तर दोन चौकीदार आडवे आले. रस्त्याच्या खात्याचा ताराचंद, कालव्याच्या खात्याचा तानबा.

“म्हैस नेता येत नाई बाई,” ताराचंद म्हणाला. “ते सरकारी पाहणीत आली.”

“पाहणीत आली म्हणून सरकारी झाली काय जी? ते वकीलसाहेब तर मले पण पाहून गेले.”

“तुमचं नाव लिवलं नाई त्याईनं,” तानबा म्हणाला. “नसीब समजा.”

“अरे, जनाची आहे ते. गोठ्यात नको न्याले? इथं कुत्रे फिरून राह्यले.”

“तिले जनूच नका देऊ,” ताराचंदनं सुचवलं. “एकाचे दोन झाले, तं जैसे थे कसं राहीन?”

बाईंनी दुसऱ्या दिवशी वर्ध्याची बस धरली. कोर्टानं अर्ज घेतला आणि पुढच्या महिन्याची तारीख दिली. म्हशीची तारीखही त्याच सुमाराची होती.

सुनावणीला रस्त्याचे वकील म्हणाले, म्हैस आमचा कडबा खाते, सबब जागेचा ताबा आमचा. कालव्याचे वकील म्हणाले, सरकीची ढेप आमची खाते. या चढाओढीत म्हैस इतकी सुटली होती, की मालकिणीलाही ओळखायला वेळ लागायचा.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. “वादी कोण?”

“रस्ता, साहेब.”

“प्रतिवादी?”

“कालवा.”

“मग म्हैस कोण?”

दोन्ही वकील कागद चाळू लागले.

“माही आहे जी,” मागून शकुंतलाबाई म्हणाल्या. “आजउद्या जनते.”

“हुकूम पक्षकारांना लागू आहे. म्हैस पक्षकार नाही. घेऊन जा तिला.”

रस्त्याचे वकील तत्परतेनं उठले. “मग तिला पक्षकार करून घ्यावं, असा आमचा अर्ज आहे.”

“बसा,” साहेब म्हणाले.

बाईंनी गावात येऊन दावं सोडलं. म्हैस जड पावलांनी निघाली. मागून ताराचंद आणि तानबाही निघाले.

“आता तुमी काऊन येऊन राह्यले?”

“आमाले म्हशीपाशी बसाले सांगतलं,” तानबा म्हणाला. “उठा म्हणून अजून कोणाचा कागद आला नाई.”

गोठ्यात शिरून म्हशीनं अंग टाकलं आणि दिवेलागणीच्या आत वगार झाली. ताराचंदनं पाणी तापवलं, तानबानं वगारीला पुसलं.

कागद आलाच नाही. दिवाळीपर्यंत दोन खात्यांची दोन माणसं बाईंच्या गोठ्यात पाळीपाळीनं शेण काढत होती, आणि एक तारखेला वर्ध्याला जाऊन पगार घेऊन येत होती.