पेट्यांची पूजा

मुरुमच्या दूध संघात आलेल्या कॉम्प्युटरवर नागम्माचा पहिल्या दिवसापासून भरवसा नव्हता, आणि तो चालवणाऱ्या सुनेवर तर त्याहून कमी. शिवकांता कामाला चोख होती. खोट एकच, संघाचे चेअरमन महांतप्पा तिचे सख्खे मामा. नागम्मा संघाची डायरेक्टर. शाळा दुसरीपर्यंत, पण मीटिंगला तिनं घसा खाकरला की महांतप्पा आधीच पाण्याचा तांब्या जवळ ओढून घ्यायचे.

दसरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटरातली नावं गेली.

नावं चारा छावणीची. सत्त्याऐंशीचा पाऊस तोंड दाखवून परत गेला होता, आणि कुणाची जनावरं छावणीत घ्यायची ते सगळं त्या यंत्रात होतं. चार टेबलांवर चार पडदे, पण सगळ्यांचा साठा एकाच डिस्कवर, लोखंडी पेटीत. ती भरत आली म्हणून तिच्यासारखीच नवी कोरी पेटी सोलापूरहून आणली होती. यंत्रावर युनिक्स नावाची व्यवस्था चालायची. ती पेटीचं तोंड बघत नाही, जोडणीची जागा बघते. पहिल्या जागेवर जुनी, दुसऱ्या जागेवर नवी. शिवकांतानं सकाळी येऊन दुसऱ्या जागेवरच्या पेटीत नवी मांडणी आखायचा, म्हणजे फॉरमॅटचा, हुकूम दिला. मग कामासाठी पहिली पेटी उघडायला गेली, तर आत काहीच नाही. नक्कल म्हणून राखून ठेवलेली टेप होती, पण ती छावणीच्या आधीची.

सोलापूरचा इंजिनिअर आला. पहिली पेटी त्यानं दिवसभर चाचपली आणि मान हलवली. म्हणाला, चुकून पुसलं तर मागं खुणा राहतात, इथं एक खूण नाही. कुणीतरी मुद्दाम धुऊन काढलंय.

नागम्माला आणखी काय पाहिजे होतं. अर्ज गावोगावच्या सेक्रेटऱ्यांकडं पडलेले, आणि निम्मे सेक्रेटरी महांतप्पाचे. आता नावं नव्यानं चढवायची म्हणजे महांतप्पाच्या माणसांच्या म्हशी आत आणि बाकीच्यांच्या उन्हात. मामाला सोय पाहिजे होती, भाचीच्या बोटाखाली यंत्र होतं. नागम्मानं सुनेवर नजर ठेवली. शिवकांता भाकरी थापत होती, म्हशीला पाणी दाखवत होती, विचारलं तेवढंच बोलत होती. रडली नाही. निर्दोष बाई असती तर एव्हाना घर डोक्यावर घेतलं असतं, असा नागम्माचा हिशेब.

मीटिंग कॉम्प्युटरच्याच खोलीत झाली. चपला बाहेर, डायरेक्टर खुर्च्यांवर, शिवकांता दाराशी उभी. महांतप्पांनी सुरुवातच केली, की भाची असली तरी संघ मोठा. तिला आजच कामावरून काढायचं आणि उमरग्याला पोलिसांत तक्रार द्यायची. शिवकांतानं मामाकडं एकदा बघितलं आणि नजर फरशीवर आणली.

नागम्माच्या मनात पाल चुकचुकली. ज्यानं काम सांगितलं तोच इतक्या झटक्यात हात झटकतो? की यानं सांगितलंच नव्हतं?

तेवढ्यात इंजिनिअर म्हणाला, दुसरी पेटी रिकामी आणि तयार आहे, तिच्यात नावं चढवायला लागू. तो खुर्ची ओढून बसला. नागम्मानं सहज त्या पेटीकडं बघितलं, आणि तिची नजर तिथंच अडकली. पेटीच्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे होते.

ते पट्टे तिच्याच बोटांचे. खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेच्या दिवशी, शिवकांता सुट्टीवर होती. नागम्मानं शिपाई वीरप्पाला दोन्ही पेट्या सोडवायला लावून, पूर्वेकडं तोंड करून पाटावर मांडायला लावल्या होत्या. भस्म जुन्या पेटीला, कारण गावाची जनावरं तिच्या पोटात. नवीनं अजून काही कमावलं नव्हतं म्हणून तिला नुसतं झेंडूचं फूल. पूजा झाल्यावर वीरप्पानं पेट्या परत जोडल्या. कुठली कुठं, ते ना त्यानं विचारलं ना तिनं सांगितलं.

म्हणजे कोरी म्हणून शिवकांतानं मांडणी आखली ती जुनीवरच. आणि धुऊन काढली म्हणत होते ती मुळात कधी भरलीच नव्हती.

नागम्मा बोलली तर चूक कुणाची ते उघडंच होतं, आणि ऐकायला महांतप्पा समोर बसलेला. इंजिनिअरची बोटं बटणांवर गेली.

"थांबा साहेब. त्या पेटीत काय घालू नका."

"का?"

"ती नवी न्हाय. जुनी हाय. भस्म म्या वढलंय तिच्यावर, खंडेनवमीला. जागा बदलल्यात."

महांतप्पा हसले. "विहीणबाई, आता भस्माची साक्ष काढता व्हय?"

"तुमीबी हात जोडून हुबं हुता की. तवा हसला न्हाईत."

इंजिनिअरनं पेटी फिरवून मागच्या पत्र्यावरचा नंबर बघितला. नंबर जुन्या पेटीचाच निघाला. शिवकांतानंच पुढं येऊन विचारलं, मांडणी नवी झाली, पण आतला माल?

मालावर अजून काही लिहिलेलं नाही, तो म्हणाला, तर बहुतेक जागच्या जागी असेल. नागम्माला हे समजवावं लागलं नाही. अंगणातल्या पेवाचा खुणेचा दगड हलला म्हणून खालची ज्वारी जात नाही. पहार मारत शोधायची. फक्त वरून दुसरं काही ओतायचं नाही.

त्यानं आधी सगळी पेटी आहे तशी टेपवर उतरवून घेतली आणि मग शिवकांताला शेजारी बसवून तुकडा तुकडा वाचायला लागला. नावं निघाली. काही अर्धी, काही नुसती आडनावं. अर्ध्या नावांसाठी गावोगावची माणसं बोलावून भरचौकात विचारायचं, हे नागम्मानं ठरवून टाकलं, आणि महांतप्पांना नाही म्हणायला तोंड राहिलं नव्हतं. तक्रारीचा विषय त्यांनीच गुंडाळला. जाता जाता एवढं बोलले, की पुढच्या दसऱ्याला या खोलीत पूजा नको.

"पूजा हुणार," नागम्मा म्हणाली. "पेट्या जाग्यावर ऱ्हातील. देव येईल हितवर चालत."

घरी जाताना सासू पुढं, सून मागं. मारुतीच्या पारापाशी शिवकांता म्हणाली, "आत्याबाई, तुमी माज्यावर संशय घेतला हुता?"

"घेतला हुता."

"आन परत असं झालं तर?"

नागम्मा थांबली नाही. पदर सारखा केला. "परत घीन. पर आदी भस्म बघीन."