डाकोटाची जन्मपत्री

कौसल्यानं डोक्यावरची शिदोरी उतरवून विमानाच्या पंखाखाली सावलीत ठेवली. कमरेवरची घागर काढताना तिचा पाय कपाशीच्या पऱ्हाटीच्या खुंटावर पडला आणि टाच फाटली. तिनं चिमूटभर माती जखमेत दाबली, मग वर पाहिलं. शेपूट जमिनीला टेकवून, नाक आभाळाकडं करून ते धूड वावरात बसलं होतं. आतून माकडांच्या मुताचा उग्र वास येत होता.

तीन दिवसांपूर्वी भर दुपारी ते सदाशिवराव पाटलांच्या वावरात उतरलं होतं. डाव्या इंजिनातून धूर निघत होता. आत पिंजऱ्यांत दोनशे माकडं होती. विलायतेच्या दवाखान्यांसाठी दिल्लीला चालली होती म्हणे. दुसऱ्या दिवशी माकडं ट्रकनं गेली, विमान चालवणारे साहेब गेले, आणि नागपुराहून कंपनीचा एक म्हातारा बंगाली इंजिनिअर येऊन इंजिन उघडून बसला. पहाऱ्याला माणूस हवा होता. कौसल्याचा नवरा उकंडा लढाईत अशाच विमानांवर हमाल होता, हे दारव्ह्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यालाच बसवलं.

पण उकंडा विमानाच्या आत गेला नव्हता. कौसल्यानं ते पहिल्याच दिवशी हेरलं होतं. तो चाकापाशी बसे, पंखाखाली झोपे, दरवाज्याकडं पाठ करून भाकर खाई. आज इंजिनिअरनं त्याला कसलीशी पेटी धरायला आत बोलावलं, तेव्हा नाइलाजानं शिडी चढला.

थोड्या वेळानं आतून इंजिनिअरचा आवाज आला.

"अरे, ये नंबर तुमको कैसे मालूम?"

उकंडा काय बोलला ते तिला ऐकू आलं नाही. तो दरवाज्यात आला तेव्हा त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं. मागून इंजिनिअर हसत हसत उतरला. बाहेरचा रंग बदलला, शेपटीवरचा आकडा बदलला, पण आत पाटीवर कारखान्याचा नंबर होता तो तसाच होता. आणि या माणसानं तो न वाचताच पुटपुटून दाखवला होता. वर्षभर रोज मालाच्या चिठ्ठीवर हाच नंबर लिहिलेला माणूस वावराच्या पहाऱ्याला मिळावा, याचं त्या म्हाताऱ्याला फार अप्रूप वाटलं. त्यानं उकंडाला आपल्या शेजारी खोक्यावर बसवलं आणि कौसल्याच्या घागरीकडं हात केला.

"पानी है, बहनजी?"

तिनं लोटा भरून दिला. तो घटाघटा प्यायला.

बोरीच्या सावलीत खाटेवर सदाशिवराव चार गड्यांसह बसले होते. दीड वर्षापूर्वी कौसल्याच्या वस्तीतली मंडळी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आली, तेव्हापासून पाटलांच्या विहिरीवर त्यांना पाय ठेवता येत नव्हता. घागर नाल्यातल्या झिऱ्यावरून भरावी लागे. सदाशिवरावांनी त्या लोट्याकडं पाहिलं, खोक्यावर बसलेल्या उकंडाकडं पाहिलं आणि उठून आले.

"उकंड्या, साहेबाच्या बराबरीनं बसला का रे?"

उकंडा उठू लागला. इंजिनिअरनं त्याचा खांदा दाबून त्याला खाली बसवलं.

"ये तो इसी जहाज का पुराना आदमी है, पाटीलजी."

"पुराना आदमी." सदाशिवराव हसले. "पोते फेकता था, साब. गाव में बोलता है, लढाई लढ्या."

इंजिनिअर गडबडीनं शिडी चढला आणि मेणकापडाच्या वेष्टनातली एक जाड वही घेऊन आला. ही या डाकोटा विमानाची जन्मपत्री, तो म्हणाला. विमान कुठंही विकलं गेलं तरी ती त्याच्याबरोबर जाते. त्यानं पानं उलटायला सुरुवात केली. कारखाना अमेरिकेतला, त्रेचाळीस सालचा. आफ्रिकेवरून मुक्काम करत करत आसामात आलं. तिथून ब्रह्मदेश. तांदूळ, मीठ, दारूगोळा, एकदा सहा खेचरं. जाताना माल, येताना जखमी. लढाई संपल्यावर वर्षभर गवतात पडून राहिलं. मग फाळणी झाली, तेव्हा तीस माणसांच्या जागेत ऐंशी माणसं आणली. त्यानंतर कंपनीनं घेतलं. कापडाच्या गाठी, वर्तमानपत्रं, हाजी लोक, आता माकडं.

कौसल्या पंखाच्या सावलीच्या कडेला उभी होती. ती हे सारं फक्त एका माणसासाठी ऐकत होती. गोविंदा तिचा पहिला नवरा. बेचाळीस साली तो आणि उकंडा एकाच दिवशी यवतमाळला जाऊन भरती झाले होते. गोविंदा पलटणीत गेला, उकंडा विमानावर. लेक नलू तेव्हा पोटात होती. पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात सरकारी कागद आला. मास्तरांनी वाचून दाखवला, नऊ मार्च, जखमांनी मृत्यू. पुढच्या वर्षी उकंडा परतला तो थेट तिच्या दारात आला. म्हणाला, दवाखान्यात गेला, माझ्या मांडीवर गेला, जाताना तुझं नाव घेतलं.

दोन वर्षांनी तिनं उकंडाशी पाट लावला. भाऊ मागं लागला होता हे खरं. पण आणखी दोन स्थळं होती, बरी होती. ती उकंडाला हो म्हणाली, कारण गोविंदाला शेवटचे लागलेले हात त्याचे होते. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. उकंडानं नलूला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, मागच्या साली फुलसावंगीला लग्न करून दिलं, आणि पाठवणीच्या वेळी तिच्याहून जास्त तोच रडला.

"साब," सदाशिवराव म्हणाले, "इस की बहादुरी का भी लिखा होगा ना कुछ? जरा पढो. इस की औरत भी सुनेगी."

"रहने दो, साहब," उकंडा म्हणाला.

त्या आवाजानं कौसल्यानं मान वळवली. दहा वर्षांच्या संसारात असा आवाज तिनं ऐकला नव्हता.

इंजिनिअरला वाटलं, माणूस लाजतो आहे. त्यानं चष्मा पुसला आणि पंचेचाळीस सालची पानं काढली. बोट फिरवत वाचत गेला. अमुक दिवशी इतकी पोती, तमुक दिवशी पंखाला गोळी. "नौ मार्च," त्यानं वाचलं. "पाँच ज़ख्मी चढ़ाए. बर्मा में, चिन के पहाड़ पर बायाँ इंजन बंद. वज़न कम करने को सामान बाहर फेंका गया. तीन ज़ख्मी उतारे."

तो थांबला. त्यानं तीच ओळ पुन्हा मनात वाचली, आणि वही हळूच मिटली.

"पाच चढले," सदाशिवराव बोटं मोजत म्हणाले, "अन तीन उतरले. बाकीचे दोन कुठी गेले रे, उकंड्या?"

गडी हसले. उकंडा जमिनीकडं पाहत होता. इंजिनिअर म्हणाला, लढाईत होतं असं, आणि वही काखेत मारून इंजिनाकडं निघून गेला. सदाशिवरावांनी कौसल्याच्या तोंडाकडं पाहिलं. त्यांना जे पाहायचं होतं ते दिसलं असावं, कारण ते खाटेकडं वळले.

कौसल्यानं शिदोरी सोडली, भाकर आणि ठेचा उकंडापुढं ठेवला, आणि शिडी चढून आत गेली.

आतली जमीन चढणीची होती. धुऱ्याच्या बांधावर चढावं तशी ती पुढं झुकून चालली. पत्रा तापला होता. फाटलेल्या टाचेला चटका बसत होता. बऱ्याच वेळानं शिडी वाजली. उकंडा दरवाज्यातच थांबला.

"कुठी होता?" तिनं विचारलं.

त्यानं उजव्या बाजूला, दरवाज्यासमोरची जागा दाखवली. तिथं आता माकडांच्या पिंजऱ्यांचे दोर बांधायच्या कड्या होत्या. ती त्या जागी बसली.

"जित्ता होता?"

"हो."

"सांगा."

तो सांगू लागला तेव्हा दरवाज्याची चौकट धरून उभा होता. इंजिन बंद पडलं, विमान खाली बसू लागलं, पुढं डोंगर. गोऱ्या कॅप्टननं पेट्या फेकायला लावल्या. मग बाकं. मग त्यांच्या स्वतःच्या बंदुका. तरी डोंगर वरच दिसे. मग कॅप्टननं मागं वळून दोन बोटं दाखवली.

"कोनते दोन, ते त्यानं सांगतलं?"

"नाई."

"मंग?"

"एक बेसुद होता. त्याले आंधी. बाकीच्या तिघाईनं झोळीचे खांब धरून ठेवले. बोटं सोडवून निघेनात. गोविंदाजवळ गेलो. त्यानं खांब नाई धरला. त्यानं मले धरलं. मानेत हात टाकला. त्याले वाटलं, मी त्याची जागा बदलून राह्यलो."

बाहेर इंजिनिअर लोखंडावर लोखंड ठोकत होता.

"काई बोल्ला?"

"हळू म्हणे."

"आन माहं नाव?"

उकंडानं मान हलवली.

कौसल्यानं कडीवरून बोट फिरवलं. बोटाला गंज लागला. तो तिनं लुगड्याला पुसला.

"मंग हळू टाकलं का तू?"

तो चौकटीशी खाली बसला. त्याचे खांदे हलत होते. ती पाहत राहिली, जवळ गेली नाही. त्याचं हलणं थांबल्यावर तिनं विचारलं,

"तो बेसुद होता तो कोन?"

"भैरू तुका जाधव. नंबर सात हजार आठशे बारा. मुक्काम वाघजाईवाडी, तालुका पाटण, जिल्हा सातारा." त्यानं एका दमात सांगितलं, जणू कोणी रोजच विचारत होतं. "बायकोचं नाव वच्छला. खिशात तिचं पत्र होतं. टाकायच्या आंधी खिसे पाहा लागत, कागद जमा करा लागत."

"तिले कोनी सांगतलं?"

"तिले कागद गेला असन. तुले आला तसा."

कौसल्या उठली. चढणीवरून उतरत दरवाज्यापाशी आली. तो बाजूला सरकला नाही, म्हणून तिनं त्याला पायानं सरकवलं आणि शिडी उतरली.

दोन दिवसांनी इंजिन सुरू झालं. विमान चालवणारे साहेब परत आले. पाटलाच्या गड्यांनी खुंट उपटून, ढेकळं फोडून लांबच लांब पट्टा सपाट केला, आणि चार गावांची माणसं बघायला लोटली. इंजिनिअरनं जाताना उकंडाचा हात हातात घेऊन हलवला. विमान धुळीचा लोट उडवत पळालं, बांधाच्या अलीकडं उचललं गेलं. लोक ते ठिपका होईपर्यंत पाहत राहिले.

कौसल्या त्या गर्दीत नव्हती. ती सकाळीच दारव्ह्याला चालत गेली होती. उन्हं कलल्यावर परत आली, तेव्हा उकंडा दारात बसला होता. या दोन दिवसांत तिनं त्याला वेळेवर भाकर दिली होती, आंघोळीचं पाणी काढून दिलं होतं, एक शब्द मात्र बोलली नव्हती. रडली असती, शिव्या दिल्या असत्या, भावाकडं निघून गेली असती, तर त्याला कळलं असतं आपण काय करायचं ते.

तिनं पदराची गाठ सोडून एक निळं आंतरदेशीय पत्र काढलं. त्याच्यापुढं पाट ठेवला, पाटावर पत्र, पत्राशेजारी दौत आणि टाक.

"लिही," ती म्हणाली. "त्या वच्छलाले."

"बारा-तेरा वर्सं झाली, कौसल्या. तिनं दुसरं घर केलं असन. कायले उकरायचं आता?"

"मीबी केलंच ना दुसरं घर."

त्यानं टाक उचलला. फौजेत शिकलेलं त्याचं अक्षर वळणदार होतं. गावात कोणालाही पत्र लिहायचं झालं की त्याच्याकडंच येत. त्यानं पत्ता लिहिला. त्यासाठी त्याला आठवावं लागलं नाही. मग पत्र उलटून तो थांबला.

"काय लिहू?"

"मले नाई सांगतलं, ते."

तिनं चूल पेटवली, परातीत पीठ घेतलं. मागून टाकाची कुरकुर ऐकू आली आणि थांबली. तिला वाचता येत नव्हतं. पिठाचे हात तसेच ठेवून ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"वाच."

"सप्रेम नमस्कार, विनंती विशेष," उकंडानं वाचलं.

"पुढं," कौसल्या म्हणाली.